डोळ्यातला घड

१४ जून २०२२, मंगळवार. वटपौर्णिमा होती आणि मला उपासही होता, पण तो भुलीसाठीचा. रात्री बारानंतर पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नाही, असं सांगलीच्या डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं. सातलाच तासगाव सोडलं. कवलापूर, बुधगाव, माधवनगर करत सांगलीत शिरेपर्यंत रस्त्याकडेच्या वडांपाशी बायका जमायला लागल्या होत्या. हातात सूत, आंबे, ओटीचं सामान. मी गाडीतूनच हात जोडले. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी बरोबर साडेनऊला माझी स्त्रीबीजं बाहेर काढायची होती.

साडेनऊलाच का, ते दोन रात्री आधीच ठरलं होतं. रविवारी रात्री साडेनऊला मी पोटात शेवटचं इंजेक्शन घेतलं. त्याला ट्रिगर म्हणतात. आधीच्या दहा दिवसांत रोजच्या इंजेक्शनांनी बीजाच्या पिशव्या वाढवलेल्या असतात, पण आतलं बीज अजून कच्चंच असतं. ट्रिगर घेतला की ते पिकायला लागतं आणि साधारण छत्तीस तासांत तयार होतं. त्यापुढे फार वेळ गेला तर पिशव्या आपोआप फुटतात आणि बीजं हाती लागत नाहीत. त्या रात्री नेमकी नऊ-वीसला लाइट गेली. ह्यांनी मोबाइलचा उजेड धरला, मी पोटाची कातडी चिमटीत पकडली, सासूबाई घड्याळ हातात घेऊन दारात उभ्या. ‘वाजलं बघ,’ एवढंच म्हणाल्या.

इथवर यायला आम्हाला सात वर्षं लागली. लग्न २०१५ चं. आधी एका डॉक्टरांकडे दोन वर्षं नुसत्या गोळ्या खाल्ल्या, बीज फुटतंय का ते बघायला दर महिन्याला सोनोग्राफी केली. त्या दोन वर्षांत ना माझ्या नळ्या तपासल्या, ना ह्यांचं वीर्य. मला त्याचा आजही राग येतो. नवऱ्याची तपासणी सगळ्यांत सोपी, सगळ्यांत स्वस्त. ती पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी. पण बाईला मूल होत नाही म्हणजे तपासायचं बाईलाच, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की आम्हालाही ते विचारायचं सुचलं नाही.

सांगलीच्या मॅडमनी पहिल्या भेटीतच दोघांच्या तपासण्या लिहून दिल्या. ह्यांचा रिपोर्ट चांगला आला. माझ्या नळ्यांचा एक्स-रे झाला. गर्भपिशवीच्या तोंडातून एक्स-रेत उमटणारा द्रव आत सोडतात, तेव्हा पाळीतल्या कळांपेक्षा मोठी कळ येते, ती मिनिटभर सोसायची. पडद्यावर आधी पिशवीचा पांढरा त्रिकोण उमटला. त्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून केसासारख्या दोन रेघा निघाल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. पुढे काहीच सरकेना. नववीत असताना माझं अपेंडिक्स फुटलं होतं. तेव्हा पोटात पसरलेल्या पुवानं नळ्या चिकटल्या होत्या, हे नंतर दुर्बिणीतून बघितल्यावर कळलं.

तोपर्यंत मला वाटायचं की स्त्रीबीज आणि शुक्राणूची भेट पिशवीत होते. बारावीला सायन्सला होते, तरी असंच वाटायचं. मॅडमनी कागदावर चित्र काढून दाखवलं. अंडाशयातून बीज सुटलं की नळीच्या टोकाची झालर ते झेलते. त्याला आयुष्य असतं जेमतेम बारा ते चोवीस तास. शुक्राणू मात्र आत चार-पाच दिवस तग धरू शकतात. कोट्यवधी निघतात, बीजाच्या जवळपास पोचतात ते काहीशे. भेट होते ती नळीच्या रुंद भागात. एक शुक्राणू आत शिरला की बीजाचं कवच बदलतं आणि दुसऱ्याला वाट मिळत नाही. मग ते फळलेलं बीज नळीतल्या बारीक केसांच्या लाटेवर सरकत, वाटेतच एकाचे दोन, दोनाचे चार होत, चौथ्या दिवसाच्या आसपास पिशवीत उतरतं. म्हणजे माझी अडचण बीजाची नव्हती, पिशवीचीही नव्हती. दोघांना भेटायची जागाच बंद होती. ती भेट बाहेर, काचेच्या बशीत घडवून आणायची आणि पुढचं माझ्या अंगावर सोपवायचं, असा हा उपचार. ‘सोपवायचं’ हा मॅडमचाच शब्द. तो किती नेमका आहे, हे मला जुलैत कळलं.

त्या दिवशी फॉर्मवर सह्या करताना सोबत आलेली आमची एक आत्या मॅडमना म्हणाली, ‘एवढा खर्च करताय तर पोराचंच ठेवा की.’ मॅडमनी भिंतीवरची गर्भलिंग निदान होत नसल्याची पाटी दाखवली आणि शांतपणे सांगितलं, की असं मागणंही गुन्हा आहे आणि करणंही. म्हैसाळची २०१७ ची, पुरलेले स्त्रीभ्रूण सापडल्याची गोष्ट आमच्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. आत्या गप्प झाली. मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरतं, बाईच्या बीजावर नाही, हे मी तिला येताना गाडीत सांगितलं. तिला पटलं का माहीत नाही, पण मला ते मोठ्यानं म्हणायचं होतं.

१४ जूनला मी भुलीतून बाहेर आले तेव्हा ह्यांनी बोटांनी दाखवलं, अकरा. पोट जड, घसा कोरडा. भिंतीपलीकडच्या खोलीत माझी अकरा बीजं होती आणि मी इथं चहाची वाट बघत पडले होते, हा विचार पचायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. अकरापैकी नऊ पक्की होती, त्यांतली सात फळली. फळली हे कसं कळतं, याचा फोटो पुढे फाइलमध्ये मिळाला. तो मी इतक्या वेळा बघितलाय की डोळे मिटूनही दिसतो. एक करडं वर्तुळ आणि त्याच्या आत, मधोमध, एकमेकांना टेकलेली दोन लहान वर्तुळं. एक माझ्या बाजूचं, एक ह्यांच्या. प्रत्येकात तेवीस गुणसूत्रं. भेट झाल्यावर सोळा-अठरा तासांनी ही दोन वर्तुळं दिसतात आणि त्याच दिवसात विरून एक होतात. त्या थोड्या तासांत बघितलं तरच सापडतात. आपल्या आईबापांनाही आपण या रूपात कधी दिसलेलो नसतो.

मग आकडे उतरू लागले. तिसऱ्या दिवशी सहा, आठ-आठ पेशींचे. पाचव्या दिवशी तीन. प्रत्येक फोनला माझं काळीज हलायचं. बाकीच्यांचं काय झालं, असं विचारल्यावर प्रयोगशाळेत गर्भ सांभाळणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्टताईंनी नीट समजावलं. पहिले दोन-तीन दिवस गर्भ आईच्या बीजातल्या शिदोरीवर जगतो. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास त्याची स्वतःची गुणसूत्रं कामाला लागतात. त्यांत काही कमी-जास्त असलं तर तो तिथंच थांबतो. नळीतही असंच होतं, फक्त तिथं कुणी मोजत नसतं.

१९ जूनला, रविवारी, एक गर्भ पिशवीत सोडला. उरलेले दोन गोठवले. सोडताना भूल नसते. लघवीनं पोट तुडुंब भरलेलं लागतं, म्हणजे सोनोग्राफीत पिशवी नीट दिसते. माझं नाव, ह्यांचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि समोरच्या पडद्यावर तो दाखवला. पाचव्या दिवसाच्या गर्भाला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. आत पाण्याची पोकळी, तिच्या एका कडेला पेशींचा गठ्ठा, भोवती पातळ पेशींचं वेटोळं. गठ्ठ्याचं बाळ होणार आणि वेटोळ्याची वार. ‘वार आधी रुजते, बाळ तिच्या मागून,’ ताई म्हणाल्या. बारीक नळीतून तो आत गेला तेव्हा पडद्यावर एक पांढरा ठिपका लकाकला. तो गर्भ नव्हे, त्याच्यासोबतचा हवेचा बुडबुडा. नंतर ती नळी पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली धरून तपासली. रिकामी आहे म्हटल्यावर सगळ्यांनी श्वास सोडला.

पुढचे पंधरा दिवस मी जिना उतरले नाही. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की हिंडा-फिरा, झोपून राहण्यानं काही वाढत नाही. पण घरी ऐकून घेणारं कोण? शेजारच्या काकू खोकलासुद्धा दाबून खोक म्हणायच्या. फक्त सहाव्या दिवशी पतसंस्थेत ऑडिटचं काम अडलं म्हणून एस्टीनं जाऊन आले. घरी पट्टी तपासू नका, असंही सिस्टरनी सांगून ठेवलं होतं. ट्रिगरच्या इंजेक्शनात जे हार्मोन असतं तेच पट्टी शोधते, त्यामुळे अंगात त्याचा अंश उरला असला तर खोटी रेघ उमटते. मी तेवढं मात्र पाळलं.

४ जुलैला बीटा, म्हणजे त्याच हार्मोनचं रक्तातलं प्रमाण सांगणारा रिपोर्ट आला, ३८. शून्य नाही, म्हणून ह्यांना आनंद झाला. मॅडमच्या आवाजात तो नव्हता. दोन दिवसांनी परत रक्त दिलं. १४. जो आकडा दुप्पट व्हायला हवा होता तो निम्म्याखाली आला होता. ८ तारखेला पाळी आली.

‘एस्टीत धक्का बसला असणार,’ असं एक जण म्हणाली. मी तिला काही बोलले नाही, कारण रात्रभर मीच ते स्वतःला म्हणत होते.

मॅडमकडे गेलो तेव्हा मी हेच विचारलं. त्यांनी विचारलं, ‘गुळपोळी हलवली म्हणून आतला तीळ खाली पडतो का?’ पिशवी म्हणजे रिकामी डबी नव्हे. तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना लागलेल्या असतात, गर्भ त्यांच्या मध्ये धरलेला असतो. एस्टीनं, जिन्यानं, खोकल्यानं तो पडत नाही. मग ३८ कसा आला? गर्भ कवचातून बाहेर आला होता, अस्तराला चिकटला होता, वेटोळ्यातल्या पेशींनी हार्मोन सोडायला सुरुवातही केली होती आणि तिथं थांबला. बहुतेक वेळा कारण गर्भातच असतं, गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो, आणि ते वरून बघून कळत नाही. एरवी अशा वेळी पाळी चार दिवस लांबली एवढंच बाईला कळतं. तुम्हाला रक्त तपासल्यामुळे कळलं, त्या म्हणाल्या.

फळणं वेगळं आणि रुजणं वेगळं, हे मला तेव्हा समजलं. आपल्याकडे दोन्हीला मिळून ‘दिवस गेले’ म्हणतात आणि राहिले नाहीत की बाईनं काहीतरी केलं, असं धरतात. मी काही केलं नव्हतं. हे वाक्य मनात बसायला मात्र सप्टेंबर उजाडला, आणि ते बसलं द्राक्षाच्या काडीमुळे.

आमची दोन एकर द्राक्षबाग आहे, सोनाका जातीची. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, काडी तपासून घेतात. हे काड्या घेऊन निघाले तेव्हा मला म्हणाले, चल, घरात बसून काय करतेस. तपासणाऱ्यानं काडीवरचा एक-एक डोळा ब्लेडनं अलगद कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून सांगत गेला: पहिल्यात काही नाही, दुसऱ्यात बाळी, म्हणजे घडाऐवजी नुसता तणावा, तिसऱ्यात बाळी, चौथ्यात घड, पाचव्यात घड. मी विचारलं, मी बघू का? त्यानं खुर्ची सोडली. उजेडाच्या गोलात, सोलल्या पापुद्र्यांच्या मध्ये, फिकट हिरवट असा एक इवलासा घड होता. टाचणीच्या डोक्याएवढाही नसेल. पण खांदे वेगळे दिसत होते, टोक निमुळतं होतं. फुटायला अजून महिना होता आणि तो आत बसलेला होता.

शेजारचा डोळाही बघितला. बाहेरून दोन्ही अगदी सारखे, टपोरे. त्याच्या आत नुसती बाळी. घड तयार व्हायला लागला होता आणि जिरला होता. एप्रिल छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवसांत डोळ्यात घड बनतो. त्या दिवसांत ढग राहिले, ऊन कमी पडलं, की काही डोळ्यांत तो जिरतो. हे आमच्या घरी लहान पोरालाही माहीत आहे.

येताना गाडी चालवता चालवता हे म्हणाले, ‘घड जिरला म्हणून वेलाला कधी कुणी बोल लावलाय का गं?’ मी खिडकीबाहेर बघत राहिले. जुलैपासून आवरून धरलेलं रडू मला कवलापूरच्या अलीकडे आलं. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद करून गप्प बसून राहिले.

त्याच महिन्यात, रात्री झोप येत नसताना, मी डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय यांच्याविषयी वाचलं. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये झाली, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात या माणसाच्या प्रयत्नांतून एक मुलगी जन्मली, आणि तिचा गर्भ आधी गोठवून ठेवलेला होता. सरकारी समितीनं त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. १९ जून १९८१ ला त्यांनी जीव दिला. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत केईएममध्ये डॉक्टर इंदिरा हिंदुजा यांच्या हातून झालेली मुलगी देशातली पहिली म्हणून नोंदली गेली. मुखोपाध्यायांचं श्रेय त्यांना मरणानंतर मिळालं. माझा पहिला गर्भ १९ जूनलाच सोडला होता. माझे उरलेले दोन उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये सांगलीत होते. त्या न भेटलेल्या माणसाला मी त्या रात्री मनापासून नमस्कार केला.

दुसऱ्या खेपेला अंडाशयाला हात लावायचा नव्हता, फक्त पिशवीची तयारी करायची होती. २९ सप्टेंबरला पाळी आली. अस्तर जाड होण्यासाठी गोळ्या सुरू झाल्या. बाराव्या-तेराव्या दिवशी सोनोग्राफीत नऊ मिलिमीटरचं अस्तर आणि त्यात तीन स्वच्छ रेघा दिसल्या. मग प्रोजेस्टेरॉन. ते सुरू झालं की अस्तर मऊ, रसाळ होतं आणि साधारण पाच दिवसांनी गर्भाला दार उघडतं. ते दार थोडेच दिवस उघडं असतं. गर्भ पाच दिवसांचा आणि अस्तरही प्रोजेस्टेरॉनच्या पाच दिवसांचं, अशी दोघांची जोडी जुळवायची. त्या महिन्यात माझं स्वतःचं बीज फुटलेलं नव्हतं. बीज फुटून गेल्यावर मागे उरलेली पिशवी प्रोजेस्टेरॉन बनवत असते, ती मला नव्हती. म्हणून ते सगळं बाहेरून, तेलातल्या इंजेक्शनातून. गावातल्या सिस्टर रोज संध्याकाळी यायच्या. कुल्ल्यावर गाठी व्हायच्या, सासूबाई गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायच्या. त्या शेकताना कधी काही बोलल्या नाहीत, आणि तो हात मी विसरणार नाही.

१८ ऑक्टोबरला गर्भ सोडला. बाग १० तारखेला छाटली होती, डोळे फुटायची पेस्ट लावून झाली होती, डोळे फुगून कापसायला लागले होते. परतीचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. ह्यांचा जीव दोन्हीकडे. या वेळी मी झोपून राहिले नाही. दिवाळीचा फराळ केला, कामावर गेले, जिना दिवसातून दहादा चढले.

आत काय चाललं असेल, ते आता माहीत होतं. एक-दोन दिवसांत गर्भ कवच सोडतो. अस्तराला आधी टेकतो, मग चिकटतो, मग वेटोळ्यातल्या पेशी अस्तरात वाट करत आत शिरतात आणि वरून अस्तर मिटतं. बाळ बीजाला नव्हे, आईच्या अंगाला तिथं पहिल्यांदा भेटतं. तिथून ते हार्मोन रक्तात उतरतं. एरवी तेच हार्मोन फुटलेल्या बीजाच्या पिशवीला सांगतं की प्रोजेस्टेरॉन बंद करू नकोस, पाळी येऊ देऊ नकोस. मी रोज संध्याकाळी गॅससमोर उभी राहून हे सगळं क्रमानं आठवायची. नामस्मरण करावं तसं.

१ नोव्हेंबरला बीटा ६४०. मी कुणाला सांगितलं नाही. ३ तारखेला १४१०. तेव्हा आधी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी देवापुढची साखर चिमूटभर माझ्या तोंडात घातली आणि परत शेकायला पिशवी भरायला गेल्या. इंजेक्शनं अजून सुटणार नव्हती. वार स्वतःच्या पायावर उभी राहीपर्यंत, म्हणजे तीन महिने भरत आले तोपर्यंत, ती चालली.

१४ नोव्हेंबरला सोनोग्राफी. काळ्या पिशवीत तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी आणि त्याच्या मधोमध एक लुकलुक. आवाज लावला नाही, नुसती लुकलुक दाखवली. मॅडम म्हणाल्या, सहा आठवडे चार दिवस. हे लगेच म्हणाले, ‘मॅडम, सोडला तर अठ्ठावीस दिवस पण झाले नाहीत.’ मॅडमनी सांगितलं की दिवस शेवटच्या पाळीपासून मोजायची पद्धत आहे, म्हणजे फळायच्या आधीचे दोन आठवडेही त्यात येतात. मला वाटलं ह्यांना ते चमत्कारिक वाटेल. पण हे म्हणाले, ‘बरोबर आहे. आम्ही पण डोळा फुटल्यापासून नाही, छाटणीपासूनच मोजतो.’

घरी आल्यावर ह्यांनी चौकातल्या कॅलेंडरवर, जिथं रोज फवारणीचं लिहितात तिथं, त्या तारखेच्या चौकटीत पेन्सिलीनं लिहिलं: बाग ३५, बाळ ४६. दुसऱ्या दिवशी पहाटे डाऊनी रोगाच्या फवारणीला जायच्या आधी ३६ आणि ४७ लिहून गेले.